एका शब्दाला नऊ महिने

(दृश्य: लांबलचक टेबल. त्यावर चिठ्ठ्यांचे ढीग.)

इंग्रजीतला तीन अक्षरी शब्द. रन (run). कुणालाही अर्थ विचारा, ‘पळणे’ असं फाडकन उत्तर येईल.

पीटर गिलिव्हर यांना या शब्दाचा हिशेब लावायला नऊ महिने लागले. गिलिव्हर हे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या कोशाच्या संपादकांपैकी एक. त्यांनी मोजलेले अर्थ भरले ६४५. आणि हे नुसत्या क्रियापदाचे. धावफलकावरची रन यात धरलेलीच नाही, ती नाम!

(दृश्य: एक चिठ्ठी, अगदी जवळून.)

या कोशाची रीत जुनी आहे. जेम्स मरी १८७९ मध्ये संपादक झाले, तेव्हा वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर सगळं काम चालायचं. कोपऱ्यात शब्द, खाली साल, पुस्तक, पान, आणि तो शब्द जिथे भेटला ते वाक्य. संपादकाने चिठ्ठ्या पसरायच्या आणि अर्थानुसार ढीग लावायचे. सांगायला सोपं आहे.

आता हे बघा. इंग्रजीत नदी ‘रन’ होते. नळही होतो, आणि सर्दी झाली की नाकही. नदीत पाणी स्वतः पुढे जातं. नळ मात्र जागचा हलत नाही, हलतं ते त्यातलं पाणी. मग या दोन चिठ्ठ्या एका ढिगात टाकायच्या की वेगळ्या? नाक नळाशेजारी ठेवायचं का? आणि धुताना कपड्याचा रंग पसरतो, तोही ‘रन’च. तो कुठे बसवायचा? असे निर्णय एकदा घेऊन भागत नाही. पुढची चिठ्ठी आली की आधीचा ढीग मोडावा लागतो.

(दृश्य: घड्याळाची चाकं फिरताहेत.)

शब्दाला खरा भाव आला तो यंत्रांमुळे. घड्याळ, इंजिन, कारखाना, सगळं ‘रन’ होऊ लागलं. यंत्राला लावलेला शब्द मग कारभारालाही चिकटला, आणि माणसं दुकानं, संस्था ‘रन’ करू लागली. गंमत म्हणजे यातलं काहीच मराठीत पळत नाही. आपलं घड्याळ चालतं, दुकान चालतं. नाक वाहतं, रस्ता जातो. इंग्रज जिथे पळतो, तिथे आपण बहुतेक वेळा चालतच असतो. कॉम्प्युटरवर मात्र आपणही हात टेकले. प्रोग्रॅम सर्रास ‘रन’ करतो.

कोशात सगळ्यात जास्त अर्थांचा मान आधी ‘रन’कडे नव्हताच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ हे क्रियापद पुढे होतं, ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांची नोंद. तिसऱ्या आवृत्तीसाठी नव्याने मोजणी झाली आणि ‘रन’ने त्याला मागे टाकलं.

(दृश्य: मतपेटी.)

जाता जाता एक चिठ्ठी. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. निवडणूक तीच, एक पळतोय आणि दुसरा उभा. आपलाही उमेदवार उभाच राहतो. पळापळ करतात ते कार्यकर्ते.