रांग मोडणारा पुलो

मित्रहो, 'एवढी मारकाट तुम्हाला बघवते तरी कशी?' हा प्रश्न मला घरातच विचारतात. 'रोम' ही मालिका मी तिसऱ्यांदा बघायला घेतली तेव्हाही विचारला. एचबीओ आणि बीबीसी यांनी मिळून केलेली, २००५ ते २००७ मध्ये दाखवलेली, ज्युलियस सीझरच्या काळातल्या रोमवरची २२ भागांची मालिका. मला ती नुसती बघवत नाही, मनापासून आवडते. का, ते आज सांगतो.

पहिल्याच भागातली लढाई घ्या. इसवी सनापूर्वी ५२ साल, गॉलमधलं, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं आलेसिया. सीझरची रोमन फौज तिथल्या गॉल लोकांशी लढते आहे. पडद्यावर आधी दिसते ती फक्त ढालींची रांग. पुढचा शिपाई ढालीने रेटतो, आडून आखूड तलवार खुपसतो, पुन्हा ढालीमागे. मागच्याने त्याला घट्ट धरलेलं असतं. मग सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक, शिट्टी फुंकतो. दमलेला शिपाई कडेने मागे सरकतो, ताज्या दमाचा पुढे होतो. गिरणीत पाळी बदलावी तसं! शिट्टी अशीच वाजायची याला पक्का पुरावा नाही. पण लढणारा माणूस दमतो आणि त्याला बदलावं लागतं, हे मी पडद्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

त्या रांगेतून एक जण आरडाओरडा करत बाहेर पडतो आणि एकटाच शत्रूवर तुटून पडतो. हा टायटस पुलो. त्याला परत ओढायला सेंच्युरियन ल्युशियस व्होरेनस धावतो, तर पुलो त्यालाच ठोसा लगावतो. लढाई संपल्यावर पुलोच्या पाठीवर फटके बसतात. त्याने किती गॉल लोळवले, हे कोणी विचारत नाही; रांग मोडली, एवढाच गुन्हा. माझं मन या मालिकेत अडकलं ते इथे.

ही दोन नावं कोणी कल्पनेने रचलेली नाहीत. ती खुद्द सीझरने लिहून ठेवली आहेत, गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात, पाचव्या भागात. तिथे दोघेही सेंच्युरियन आहेत आणि बढतीसाठी वर्षानुवर्षं एकमेकांशी चढाओढ करताहेत. छावणीला नर्व्ही या गॉलमधल्या टोळीचा वेढा पडलेला असताना पुलो तटाबाहेर उडी घेतो. एक भाला त्याची ढाल फोडून कमरपट्ट्यात रुततो, म्यान सरकतं, तलवार उपसायला हात पोचत नाही. तेवढ्यात वैरी म्हणवणारा व्होरेनस धावून येतो. थोड्या वेळाने व्होरेनसच खळग्यात पडतो, तर पुलो त्याला वाचवतो. दोघांत जास्त शूर कोण, हे ठरवता आलं नाही, असं सीझर म्हणतो. म्यान सरकण्याइतका बारीक तपशील सेनापतीने टिपावा, याचं मला अजून नवल वाटतं.

मालिकेने पुलोला साधा शिपाई केलं, पण हा प्रसंग सोडला नाही, असं मला वाटतं. पहिल्या पर्वात पुलोला आखाड्यात मरायला सोडतात. तो हात उचलत नाही. पण समोरचे ग्लॅडिएटर तेराव्या लीजनला, म्हणजे त्याच्या पलटणीला, शिव्या घालतात आणि तो उसळतो. हातपाय तुटतात, रक्ताचा सडा पडतो. शेवटी तो कोसळतो, तेव्हा व्होरेनस 'तेरा! तेरा!' ओरडत आत उडी घेतो. तिन्ही वेळा मी खुर्चीवरून उठलो आहे.

सगळंच रक्त मला पटत नाही. सीझरची भाची आतिया एका विधीत बैलाच्या रक्ताने न्हाते, ते दृश्य निव्वळ डोळे दिपवायला घातलंय. त्या विधीचे पुरावे पुढच्या काळातले, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासूनचे.

पण पहिल्या पर्वाचा शेवट बघा. व्होरेनस आता सिनेटर आहे आणि सीझरची सोबत हेच त्याचं काम. सभागृहाच्या वाटेवर सीझरची जुनी प्रेयसी सर्व्हिलिया हिची दासी त्याच्या कानाशी लागते: घरातलं पोर तुझा नातू नव्हे, तुझ्या बायकोचं आहे. व्होरेनस घराकडे धावतो. सीझर एकटाच आत जातो आणि तिथे त्याचा खून होतो. रोमन चरित्रकार सुएटोनियस २३ घाव मोजतो आणि त्यातला दुसराच तेवढा जीवघेणा होता, असं वैद्याचं म्हणणं नोंदवतो. त्याच वेळी घरी व्होरेनसच्या हातात सुरी आहे. रोमच्या रिवाजाने तो बायकोला मारू शकतो. त्याची बायको नायोबी एवढंच म्हणते, पोराचा काही दोष नाही. आणि सज्जातून मागे झोकून देते. सुरी हातातच राहते.