नणंदेचं पुढे काय झालं?

(दृश्य: ठाणे स्टेशन, ट्रान्स-हार्बरचे फलाट. वाशीची गाडी सुटते. महिला डबा, आतून.)

सकाळची ठाणे–वाशी गाडी. दिघा गाव गेलं. ऐरोली आणि रबाळ्याला कंपन्यांत जाणाऱ्या बायका उतरल्या की डब्यात जरा हात हलवायला जागा होते. दाराजवळच्या कोपऱ्यात उभी असलेली ही मुलगी त्या जागेचीच वाट बघत असते. कळव्याला राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाशी येईपर्यंत तिचा एक प्रसंग लिहून होतो.

(दृश्य: फोनचा स्क्रीन, अगदी जवळून.)

इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, कीबोर्ड त्याचं देवनागरी करून देतो. 'वहिनी'च्या जागी 'वाहिनी' उमटतं. ती मागे जाते, काना काढते आणि पुढे लिहिते: "वहिनी, मी घर सोडून गेले नव्हते. मला कुणी थांब म्हणालंच नाही."

हे बोलतेय एका मराठी मालिकेतली नणंद. मालिका बरीच वर्षं चालली, नणंद मात्र पहिल्याच वर्षी दिसेनाशी झाली. "ती शिकायला पुण्याला गेली," असं सासूबाईंच्या तोंडी एक वाक्य आलं आणि विषय संपला. त्यानंतर त्या घरात दोन लग्नं झाली, एक बारसं झालं, सासऱ्यांना हॉस्पिटलात ठेवलं. सख्ख्या लेकीची आठवण कुणाला झाली नाही.

(बाइट – मुलगी: "मला एवढा राग आलेला! आईला विचारलं, हिचं पुढे काय झालं? आई म्हणाली, अगं, मालिका आहे ती. म्हटलं ठीक आहे, मग मी लिहिते.")

आता तिची नणंद पुण्यात कॉट बेसिसवर राहते, नोकरी शोधते, घरून फोन येईल म्हणून रात्री फोन उशाशी घेऊन झोपते. नवा भाग पडायला उशीर झाला की खाली कमेंट येतात: "ताई, पुढचा भाग कधी?"

दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन आपली गोष्ट लिहायची, याला फॅन फिक्शन म्हणतात. लिहिणारे नुसतं फिक म्हणतात. मूळ कथेत जे घडलं ते कॅनन. मूळ कथेत नाही, पण आपल्याला अगदी खात्रीनं वाटतं, ते हेडकॅनन. पात्रं तीच ठेवून त्यांना वेगळ्याच जगात नेलं की एयू. ठाण्यात आणि नवी मुंबईत असं लिहिणाऱ्यांबरोबर आम्ही फिरलो. पैसे मिळत नाहीत, नाव बहुतेकांनी टोपणच घेतलेलं. मग का लिहायचं?

(दृश्य: मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणे. कपाटांच्या रांगा. पुस्तक काढणारे हात.)

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही इथे आलो. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली सुरू झालं. ते उभं करणाऱ्यांत 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे लंडनच्या एका मासिकात आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून संपवून टाकलं. लेखकाला होम्सचा कंटाळा आला होता, वाचकांना आला नव्हता. कुणी मासिकाची वर्गणी बंद केली, कुणी रागाची पत्रं धाडली, आणि कुणी होम्सच्या कथा स्वतःच रचल्या. १९०३ साली डॉइलना त्याला परत आणावं लागलं.

आपल्याकडे तर हे त्याच्याही कितीतरी आधीपासून चालत आलंय. एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात थांबलं. नाथ गेले. पुढचं रामायण गावबा नावाच्या त्यांच्या शिष्यानं पूर्ण केलं. गुरूनं अर्धी सोडलेली गोष्ट अर्धीच राहावी, हे त्याला सोसवलं नसणार.

आणि मोरोपंत! त्यांनी एकच रामकथा पुन्हा पुन्हा लिहिली. अष्टोत्तरशत रामायणं म्हणतात ती हीच. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात घ्यायचं नाही. प, फ, ब, भ, म सगळे वर्ज्य. म्हणजे रामाची गोष्ट सांगायची आणि 'राम' म्हणायचं नाही. पुढे काय होणार हे सगळ्या श्रोत्यांना पाठ असताना माणूस एवढा खटाटोप करतो, कारण ती गोष्ट त्याला एकदा आपल्या हातानं घडवून बघायची असते.

(दृश्य: संग्रहालयाच्या आवारातलं जुनं पुस्तक, ओव्यांचं पान.)

जात्यावरच्या ओव्यांत सीता अरण्यात रडते, तेव्हा बोरी-बाभळी बायका होऊन तिची समजूत घालतात. वाल्मीकींनी हे लिहिलेलं नाही. पहाटे उठून दळण दळणाऱ्या, सासुरवास सोसलेल्या कुणा बाईनं ते घातलंय. सीतेजवळ त्या वेळी कुणीतरी असायला हवं होतं असं तिला वाटलं. तिनं माणसं शोधली नाहीत, झाडांनाच बायका केलं. कळव्याची मुलगी नणंदेला पुण्यात एक रूममेट देते, रात्री खिचडी टाकून जागी राहणारी. आम्हाला तरी या दोन बायका एकाच वाटेनं चाललेल्या दिसतात.

१९६७ साली मराठीत दोन पुस्तकं आली. 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांनी कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलतं केलं. 'युगान्त'मध्ये इरावती कर्वे यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे माणसं म्हणून पाहिलं. ही पुस्तकं वाचताना पात्रं कुणाची, असं आपण विचारत नाही. मग रबाळ्याला डब्यात जागा होण्याची वाट बघणाऱ्या मुलीला ते का विचारतो?

(दृश्य: उपवन तलाव, रविवार संध्याकाळ. काठावर बसलेला गट. वह्या, फोन, भेळेचे कागद.)

रविवारी संध्याकाळी हे सगळे इथे जमतात. ठाण्यातले जास्त, काही ऐरोली, नेरूळ, खारघरहून येणारे. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचायच्या आधी लिखाण बीटाकडून गेलेलं असलं पाहिजे, हा इथला नियम. बीटा म्हणजे पहिला वाचक.

(दृश्य: वहीचं पान, जवळून. निळी शाई, समासात लाल पेन.)

ही वही त्याच नणंदेच्या गोष्टीची. लाल अक्षर खारघरच्या एका ताईंचं. त्या शाळेत शिकवतात. समासात लिहिलंय: "इथे ती इतक्या लवकर माफ करणार नाही." पुढच्या पानावर: "हा संवाद मालिकेत चालेल, आपल्यात नाही." त्याखाली: "पाऊस का? फक्त रडू लपवायला असेल तर काढ." पाऊस काढलेला आहे. पुस्तकं छापून आलेल्या किती लेखकांना असा वाचक मिळतो?

(दृश्य: दहावीतली मुलगी वाचतेय. चेहरा दिसत नाही, हातातली पानं दिसतात.)

घणसोलीच्या या मुलीची पहिलीच गोष्ट. कोरियन बँड आहे, त्यात एक मराठी मुलगी जाते, सगळ्यांत चांगली नाचते, सगळ्यांना आवडते. ऐकणाऱ्यांपैकी एकानं म्हटलं, "ही मेरी सू झाली." हे नाव १९७३ सालचं. 'स्टार ट्रेक' या अंतराळयानांच्या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांच्या एका हौशी अंकात पॉला स्मिथ यांनी छोटीशी गोष्ट लिहिली. तिची नायिका मेरी सू साडेपंधरा वर्षांची, अख्ख्या ताफ्यातली सगळ्यांत लहान लेफ्टनंट, आणि तिला येत नाही असं काहीच नाही. तेव्हापासून लिहिणाऱ्यानं स्वतःलाच सर्वगुणसंपन्न करून कथेत घातलं की त्या पात्राला मेरी सू म्हणतात.

नाव चेष्टेनं दिलेलं आहे. आम्हाला त्यात चेष्टेसारखं काही वाटत नाही. शाळा, क्लास, पुन्हा क्लास अशा दिवसात ज्या मुलीला कुणी मधोमध उभं करत नाही, ती एका संध्याकाळी कागदावर स्वतःला मधोमध उभं करते. लिहिण्याची सुरुवात इथून होत असेल, तर ती चांगली सुरुवात आहे. खारघरच्या ताईंनी तिला एवढंच विचारलं: "हिला काय जमत नाही, ते सांग."

(निवेदन नाही. मुलगी विचार करते. पेन उघडते. मागे तलावावरचा आवाज.)

(दृश्य: तुर्भे, एपीएमसीचं कांदा-बटाटा मार्केट, पहाट. ट्रकमधून उतरणाऱ्या गोणी. माथाडी. गाळ्यावरचा दिवा.)

या गटात फिक न लिहिणारेही आहेत. हे काका गाळ्यावर हिशेब लिहायचे. आता निवृत्त आहेत, पण पहाटे जाग येतेच, मग मार्केटला चक्कर मारून येतात. त्यांच्या गोष्टींतली सगळी माणसं त्यांची स्वतःची: हमाल, ड्रायव्हर, चहावाला, रात्रभर ट्रकमध्ये बसून माल घेऊन आलेला शेतकरी.

(बाइट – काका: "पट्टीवर शेतकऱ्याचं नाव असतं, गाव असतं, वजन असतं, भाव असतो. भाव ऐकून तो काय बोलला, ते लिहायला पट्टीत रकाना नाही. मी ते लिहितो.")

काका आणि नणंदेची लेखिका यांचा वाद दर रविवारचा. काका म्हणतात, तुझा हात एवढा चांगला, तर पात्रं उसनी कशाला? ती म्हणते, काका, तुम्हाला पहिली चार पानं मार्केट समजावण्यात घालवावी लागतात. माझा वाचक घर ओळखतो, जिना कुठे आहे हे त्याला माहीत आहे, मी थेट भांडणापासून सुरू करते. दोघंही बरोबर आहेत. काकांच्या जगाची गोष्ट कुणी लिहिलीच नव्हती, म्हणून ते लिहितात. मुलीला जी गोष्ट मिळाली, ती एका माणसाला विसरून पुढे गेली होती, म्हणून ती लिहिते. काहीतरी राहून गेलंय, ही टोचणी दोन्हीकडे आहे.

(दृश्य: रात्र, खिडकीतून दिसणारे कळव्याचे दिवे. लॅपटॉपवर वाचकांच्या कमेंट.)

अशा लिखाणाला स्वतःचं घरही चाहत्यांनीच बांधलं. २००७ साली त्यांनी विना-नफा संस्था काढली, २००९ साली आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे संकेतस्थळ सुरू झालं. ते स्वयंसेवक चालवतात, त्यावर जाहिराती नाहीत. २०१९ साली त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

अडचणी आहेतच. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो, त्यामुळे फिक विकणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. कुणाची गोष्ट नाव न देता भलत्याच चॅनेलवर वाचली जाते, कुणाचे मार्क कमी होतात, घरी बोलणी बसतात.

(दृश्य: उपवन, पुढचा रविवार. मुलगी वाचतेय, काका पुढे वाकून ऐकतायत.)

आज नणंदेला नोकरी लागली. टाळ्या झाल्या. काकांनी हात वर केला: "पगार किती?" मुलगी म्हणाली, त्यानं काय फरक पडतो? काका म्हणाले, कॉटचं भाडं, डबा, घरी पाठवायचे पैसे, बेरीज बसली पाहिजे. मग सगळेच हिशेबाला बसले. शेवटी अठरा हजार ठरले, घरी पाठवायचे तीन हजार काढून टाकले, आणि त्यावरून नवा वाद सुरू झाला: तिनं पैसे पाठवायचेच का?

(दृश्य: मुखपृष्ठाचा कच्चा कागद, पेन्सिलनं काढलेला. हातांहातांतून फिरतोय.)

१९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं मराठीत दिवाळी अंकाची प्रथा पाडली. उपवनचा हा गट यंदा आपला हस्तलिखित दिवाळी अंक काढतोय. काकांची मार्केटची गोष्ट त्यात आहे, उर्मिलेची चौदा वर्षं आहेत, नणंदेचा एक भाग आहे, आणि घणसोलीची मुलगी आपली गोष्ट पुन्हा लिहितेय. मजकूर गणपतीपर्यंत घेणार आहेत. नव्या माणसानं रविवारी सरळ येऊन बसावं. येताना एक पान लिहून आणावं, पात्र कुणाचंही चालेल.