कॅरव्हॅनचा फ्लोअर चाकापाशीच का कुजतो?

नमस्कार. कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या घरवजा ट्रेलरमध्ये, चाकाच्या बाजूला पाय ठेवल्यावर फ्लोअर दबत असेल, तर वरून नवं व्हिनाइल अंथरू नका. मुंबईच्या पावसात उघड्यावर उभा असलेला ट्रेलर छताच्या, खिडकीच्या सांध्यांतून गळतोच, पण चाकापाशी आधी खाली वाकून बघा. टायर फुटला की सुटलेला पट्टा चाबकासारखा फिरतो आणि व्हील आर्चचा, म्हणजे चाकावरच्या कमानीचा, पत्रा फाडतो. मग ओल्या रस्त्यावर चाक त्या फटीतून थेट फ्लोअरच्या प्लायच्या कडेवर पाणी मारत राहतं. नुसता प्लाय बदललात, तर तोही कुजणार.

बॅटरीची वायर काढा, गॅस सिलिंडर बाहेर ठेवा. ट्रेलर स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरू नका. आता स्क्रू ड्रायव्हरनं दर वीतभर अंतरावर टोचत जा. तो सहज रुतला, तिथला प्लाय गेलाय. खुणा करा, पण कापायचं मात्र पुढच्या चांगल्या आडव्या चॅनेलच्या (फ्लोअरखालच्या लोखंडी आधाराच्या) बरोबर मध्यावर. जुन्या आणि नव्या, दोन्ही तुकड्यांना टेकायला जागा हवी. करवतीचं पातं प्लायच्या जाडीइतकंच खाली सोडा. खालून वायर किंवा पाइप जात असतील, तर ते आधी बाजूला घ्या.

चॅनेलचा गंज वायर ब्रशनं काढून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) आणि वर इनॅमल रंग मारा. फाटलेल्या आर्चवर जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा रिव्हेट करा आणि सांध्यांत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. इथे सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन घ्या, जाडी जुन्याइतकीच. मुंबईत रे रोडच्या लाकूड बाजारात मिळतो. मरीन प्लायही कडेनं पाणी पितो, म्हणून कापलेल्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सीचे दोन हात द्याच. हे बहुतेक जण टाळतात, आणि पुन्हा कुजायला सुरुवात तिथूनच होते. सांध्यात ३ मिमी फट ठेवून पीयू भरा. स्क्रू स्टेनलेसचे.

टायरवरचा शेवटचा चार आकडी कोडही वाचा. २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलाय. इतका जुना टायर खोल नक्षी दिसली तरी बदला.

सीलंट वाळला की चाकाखालून आर्चवर दहा मिनिटं पाइपनं पाणी मारा आणि आत टॉर्चनं कडा तपासा. थेंब दिसला, तर व्हिनाइल गुंडाळूनच ठेवा आणि सांधा पुन्हा उघडा.