तर्काला न खटकणारी चूक

रुग्णाची नोंद संगणकात जाते तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानामागे एखादी संज्ञाप्रणाली, म्हणजे एकमेकींशी जोडलेल्या वैद्यकीय संकल्पनांची ठरीव यादी, असते. स्नोमेड सीटी घ्या. एक अमेरिकी आणि एक ब्रिटिश प्रणाली एकत्र करून २००२ मध्ये ती आली. आज तिच्यात ३,५०,००० हून जास्त संकल्पना आहेत. प्रत्येक संकल्पना ‘हा त्याचा एक प्रकार’ या नात्यानं वरच्या संकल्पनेशी जोडलेली असते, आणि एकीला अनेक पालक चालतात. विषाणूजन्य न्यूमोनिया फुप्फुसाचा आजारही आहे आणि संसर्गही.

यात चूक कशी शिरते? स्नोमेडच्या जुन्या आवृत्त्यांमधलं एक गाजलेलं उदाहरण सांगतो. पायाचं बोट कापण्याची शस्त्रक्रिया ही पाऊल कापण्याच्या शस्त्रक्रियेचा एक प्रकार ठरली होती! कारण बोट पावलाच्या रचनेखाली येत होतं. बोटाला संसर्ग झाला तर तो पावलातला संसर्ग आहे, हे बरोबरच. पण बोट कापलं म्हणजे पाऊल गेलं असं होत नाही. पाऊल गमावलेले रुग्ण शोधायला जावं, तर यादीत फक्त बोट गमावलेलेही येणार. आणि वर्गीकरण करणाऱ्या तर्कयंत्राला, म्हणजे व्याख्यांवरून नाती ठरवणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमला, यात काहीच वावगं वाटत नाही. त्यानं दिलेल्या व्याख्यांवरून बरोबर निष्कर्ष काढलेला असतो. शिवाय स्नोमेडच्या तर्कभाषेत ‘हे म्हणजे ते नव्हे’ असं सांगायची सोय नाही, मग विसंगती पकडणार कशी?

म्हणून अशा चुका माणसाच्या नजरेला दिसाव्यात यासाठी या जोडण्यांचं चित्र लागतं. पण सगळ्या संकल्पना आणि सगळ्या रेषा एकदम काढल्या तर पडद्यावर नुसता काळा गुंता दिसतो. असली भव्य चित्रं तपासणीला निरुपयोगी आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी सारांश हवा. न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी तो असा केला: ज्या संकल्पनांच्या व्याख्येत एकाच प्रकारचे गुणधर्म आहेत, उदाहरणार्थ आजाराची जागा आणि त्याचं कारण, त्यांची एक चौकट करायची. आत गट पाडायचे आणि प्रत्येक गटावर संख्या लिहायची. मग शेकडोंच्या गटाशेजारी एक-दोन संकल्पनांचा एकटा गट लगेच नजरेत भरतो. चुका अशा लहान गटांत जास्त सापडतात, कारण बहुतेक वेळा कुणीतरी एखादा गुणधर्म लावायचा विसरलेलं असतं, किंवा नको तिथं लावलेला असतो.

दुसरी खूण रेषांच्या फुलीची. दोन संकल्पनांना तेच दोन पालक असतील आणि त्या पालकांचं आपसात काहीच नातं नसेल, तर मधली एखादी संकल्पना किंवा जोडणी राहून गेली असण्याची शक्यता असते.

चक्रं, म्हणजे एखादी संकल्पना फिरून स्वतःचीच पालक ठरते अशा जोडण्या, मात्र संगणक स्वतःच शोधतो. यूएमएलएससारख्या, अनेक संज्ञाप्रणालींचे स्रोत जोडणाऱ्या संग्रहात ती आढळली आहेत. तिथं स्रोतानुसार रेषांना रंग दिला, की वर्तुळ कुठं जुळलं ते कळतं.

लहान गट म्हणजे चूकच असं मात्र नाही. खरोखरच वेगळा आजारही एकटा पडतो. निर्णय त्या विषयाच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. आणि दुरुस्ती खालच्या संकल्पनेत करण्याआधी वरची जोडणी तपासा. तिथली एक रेषा हलली की खालच्या शेकडो संकल्पना सरकतात, म्हणून वर्गीकरण पुन्हा चालवून तेवढ्या भागाचं चित्र परत काढावंच लागतं.