ऑइलमधे कूलंट दिसलं की लगेच हेड खोलू नका

डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढली, ऑइल दुधाळ दिसलं की सगळे एकच बोलतात, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं. गेलंही असेल, नाही म्हणत नाही, पण जुन्या ट्रकच्या डिझेल इंजिनात कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला) ऑइलपर्यंत पोचायला बऱ्याच वाटा आहेत, गॅस्केट, हेडची किंवा ब्लॉकची क्रॅक, लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, लायनरला पडलेलं बारीक भोक, पाण्याने ऑइल थंड करणारा ऑइल कूलर, आणि हो, पाण्यावर थंड होणारा एअर कॉम्प्रेसर, तो तर कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आधी खात्री करा. फक्त फिलर कॅपखाली पांढरट फेस असेल आणि गाडी थोडी-थोडीच चालत असेल तर ती नुसती वाफही असते. पण ऑइलची लेव्हल चढतेय आणि कूलंट उतरतंय, मग मात्र विषय गंभीर. रात्रभर गाडी उभी ठेवा, सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन नट हळूच सैल करा. कूलंट ऑइलपेक्षा जड, खाली बसतं, म्हणजे बऱ्याचदा आधी तेच येतं. अगदीच दुधाळ झालं असेल तर वेगळं होत नाही, मग एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका, पाणी असेल तर तडतडतं.

आता गंमत इथे आहे, लीक नेमकं कधी होतं ते बघायचं. इंजिन गरम होऊन चालू असताना ऑइलचं प्रेशर साधारण 3-4 बार, कूलंटचं 1 बारच्या आसपास, म्हणजे ऑइल कूलर फुटला तर चालू गाडीत ऑइल पाण्यात घुसतं. गाडी बंद केली की ऑइलचं प्रेशर लगेच शून्य, पण गरम कूलंटचं प्रेशर तसंच, आता उलटा प्रवास सुरू. म्हणून रेडिएटरमधे तेलकट चिकटा आणि ऑइलमधे पाणी, दोन्ही दिसलं तर मी आधी कूलरच काढतो. रेडिएटर स्वच्छ असेल तर नजर लायनरकडे. रेडिएटरमधे बुडबुडे येत असतील, थंड इंजिन चालू केल्या-केल्या होज कडक होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात जातोय, तिथे गॅस्केट किंवा क्रॅकचा संशय. पण बुडबुडे नाहीत म्हणून गॅस्केट निर्दोष असं नाही हं, पाण्याच्या आणि ऑइलच्या भोकांमधेच फाटलेलं असेल तर गॅसचा संबंधच येत नाही.

मग चेंबर उतरवा, कूलिंग सिस्टिमला हातपंपाने रेडिएटरच्या कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्या, जास्त नाही, आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. खाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवा, वाट बघायची तयारी हवी, कधीकधी थेंब तासाभराने पडतो. लायनरच्या बाहेरून, खालच्या कडेने ओघळ आला तर ओ-रिंग. लायनरच्या आतून, पिस्टनवरून ठिबकलं तर भोक पडलंय किंवा वरून गॅस्केट-हेडमधून येतंय. कॉम्प्रेसरवर संशय असेल तर त्याच्या पाण्याच्या लाइन बंद करून परत टेस्ट. थंडपणी काहीच दिसलं नाही तर इंजिन तापवून बघा, काही क्रॅक गरम झाल्यावरच उघडतात, उलट कडक झालेल्या ओ-रिंग थंडीतच गळतात.

आता लायनरला भोक कसं पडतं ते सांगतो. लायनर सारखा थरथरतो, पाण्याच्या बाजूला बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंड कोरत जातात. कूलंटमधलं ॲडिटिव्ह याच्यासाठीच असतं, नुसतं पाणी भरून चालवलेली इंजिनं इथेच मरतात.

लीक सापडेपर्यंत गाडी चालवू नका, कूलंटमधला ग्लायकॉल बेअरिंग खातो. लीक सापडलं, दुरुस्त झालं तरी एखादी बेअरिंग कॅप उतरवून बघाच, जुना फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का तेही बघा, आणि नवीन भरलेलं पहिलं ऑइल थोडं चालवून फिल्टरसकट परत बदला, कारण कानाकोपऱ्यातला चिकटा एका फेरीत निघत नाही.