मिसळ आणि मुदतीचा ताप

श्रोतेहो, नमस्कार.

टायफॉईड, म्हणजे आपला मुदतीचा ताप, झाला की पहिला आळ तिखटावर येतो. "परवा मिसळ खाल्ली, तीच बाधली!" मी डॉक्टर असलो तरी आधी कोल्हापूरकर, तेव्हा मिसळीचं वकीलपत्र घेतोच. कट उकळत असतो, त्यात जंतू जगत नाही. तो येतो वर पेरलेल्या कच्च्या कांद्यातून, कोथिंबिरीतून, शेजारच्या पाण्याच्या पेल्यातून. कांदा चिरणाऱ्यानं संडासहून आल्यावर हाताला साबण लावला होता का, हे विचारा.

शिवाय जंतू पोटात गेल्यावर ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. परवाची मिसळ उगाच बदनाम होते.

हा जंतू, साल्मोनेला टायफी, फक्त माणसात राहतो. आमच्या कोल्हापूरच्या दूध-कट्ट्यावर धारोष्ण दूध देणारी म्हैस निर्दोष आहे. धार काढणारा हात आणि पेला विसळायचं पाणी यांची हमी कोण देणार? दूध तापवूनच प्या. कट्ट्यावरचे शिव्या देतील, देऊ देत.

रोग्याच्या विष्ठेतून जंतू पाण्यात उतरतो. पंचगंगेला पूर आला की गटाराचं पाणी नळाच्या फुटक्या पाइपात शिरू शकतं. पाणी खळखळ उकळा, झाका आणि ओगराळ्यानं काढा. तांब्या बुचकळला की बोटंही बुचकळतात.

ताप पायरीपायरीनं चढतो, डोकं ठणकतं, जिभेवर पांढरा थर येतो, भूक मरते. विडाल नावाच्या एकट्या रक्तचाचणीवर विसंबू नका. शक्य तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची तपासणी, करा. औषध लागू पडलं तरी ताप उतरायला चार-पाच दिवस जातात. उतरला म्हणून गोळ्या सोडू नका. उपचार रखडले तर साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकतं. पोट कडक झालं किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर तडक दवाखाना गाठा.

काहींच्या पित्ताशयात मात्र जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि माणूस ठणठणीत असतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन तशीच होती. 1907 साली तिला वेगळं ठेवलं, तेव्हा संशय तिच्या गरम पदार्थांवर नव्हता, ताजी फळं घातलेल्या आईस्क्रीमवर होता.

मुलांसाठी लस आहे. कॉन्जुगेट लस सहा महिन्यांच्या बाळापासून एका डोसमध्ये देता येते. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि मिसळ? खा की. पाणी तेवढं घरून न्या.