मोरी तुंबली की मार्ग गेला

श्रोतेहो, नमस्कार. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची जागा लोकांसाठी वाट म्हणून कशी राखायची, याविषयी आज बोलू.

मुंबईत कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणारा सीएसटी रोड तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून हे नाव पडलं, असा बहुतेकांचा समज आहे. खरं तर ती अक्षरं सेंट्रल साल्सेट ट्रामवेची. १९२८ साली ट्रॉम्बेपासून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत १३ किलोमीटरची एक रेल्वे सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तिच्या जागेचा जो तुकडा रस्ता म्हणून वापरात राहिला, तो आजही लोकांच्या कामी येतो. बाकीचा मार्ग जमिनीवर शोधू गेलात तर माग लागत नाही.

कोकणपट्टीत बंद पडलेली लांबलचक लाइन फारशी नाही. इथे असतात ते तुकडे. बंद कारखान्याची सायडिंग, म्हणजे कारखान्यात जाणारी रुळांची शाखा, बंदराकडे जाणारा फाटा, खाडीवर नवा पूल झाल्यावर बाजूला राहिलेला जुना पूल आणि त्याच्या दोन्ही अंगांचा भराव. मुंबई बंदराची स्वतःची रेल्वेसुद्धा १९१५ पासून चालू होती, ती २०१८ मध्ये थांबली. असे दोन-चार किलोमीटरचे तुकडे नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला क्षुल्लक वाटतात. पण आपल्याकडच्या वाटा कशा आहेत ते आठवा. वाडीतून बाजारात जायचं तर एक घाटी उतरा, वहाळ ओलांडा, दुसरी घाटी चढा. रेल्वेला असा चढ चालत नाही. कोकण रेल्वेचा चढ १५० मीटरला १ मीटर एवढाच ठेवला आहे. तेव्हा रेल्वेचा जुना भराव म्हणजे शाळेत सायकलवर जाणाऱ्या मुलीला, काठी टेकत दवाखान्यात जाणाऱ्या आजोबांना आणि चाकाच्या खुर्चीलाही चालेल अशी तयार सपाट वाट. ती नव्यानं बांधायची म्हटली तर भूसंपादनातच दहा वर्षं जातील.

या पट्ट्याची सगळी किंमत त्याच्या सलगपणात आहे. मध्ये एक जागा तुटली की उरतात त्या नुसत्या अरुंद पट्ट्या. आणि तुटण्याची पहिली जागा बहुतेक वेळा पूल असते. लाइन बंद झाली की भंगाराचा लिलाव निघतो. रूळ जातात, स्लीपर जातात, त्यांचं फार वाईट वाटून घेऊ नका. पण त्याच लिलावात पुलाचा लोखंडी गर्डरही, म्हणजे तुळईही, वजनावर विकला जातो, आणि तो परत उभा करण्याची ऐपत कुठल्याही ग्रामपंचायतीची नसते. म्हणून ठराव लिलावाच्या आधी झाला पाहिजे. अध्यक्षांचं किंवा सरपंचांचं नुसतं पत्र पुरत नाही. सर्वसाधारण सभेचा किंवा ग्रामसभेचा ठराव हवा, त्यात मार्ग कुठून कुठपर्यंत, कोणकोणते सर्व्हे नंबर, किती पूल आणि भरावाखालून पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या किती मोऱ्या हे लिहिलेलं हवं, आणि 'गर्डर, दगडी खांब व मोऱ्या जागेवर ठेवाव्यात' अशी स्पष्ट मागणी हवी. एक प्रत रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना.

मग जमीन कोणाची, हा प्रश्न. अमेरिकेत अनेक ठिकाणी रेल्वेकडे फक्त जाण्यायेण्याचा हक्क होता; गाडी बंद झाली की शेजारचा मालक जमीन मागायचा. त्यावर तिथे १९८३ साली कायद्यात सोय केली, की स्थानिक संस्थेनं पायवाट म्हणून पट्टा सांभाळला तर मार्ग सोडून दिला असं धरायचं नाही, आणि पुढे लागलीच तर रेल्वे परत येऊ शकते. आपल्याकडे १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं संपादन झालेली जमीन सगळ्या बोज्यांतून मोकळी होऊन सरकारकडे आली, त्यामुळे ही अडचण कमी. सायडिंगचं मात्र वेगळं. ती पुष्कळदा कारखान्यानं खासगीत घेतलेल्या जमिनीवर असते, आणि कारखाना बुडाला की ती जागा बँकेच्या वसुलीत जाते. म्हणून आधी प्रत्येक सर्व्हे नंबरचा सातबारा काढा. नाव रेल्वेचं असेल तर जमीन विकत मागू नका. मालकी न देता फक्त वाट देण्याची पद्धत रेल्वेत आहे, तिला वे-लीव्ह म्हणतात. रेल्वेला पुढे जागा लागली तर वाट बाजूला घेऊ, हे करारात आपणहून लिहून दिलं की अधिकाऱ्यांचा हात सही करायला मोकळा होतो.

मोजणी एकदम करून घ्या. एका वर्षी चार गट, दुसऱ्या वर्षी सहा गट असं केलं की नकाशे एकमेकांना जुळत नाहीत आणि भांडण नेमकं त्या सांध्यावर होतं. रेल्वे आणि भूमी अभिलेख यांची संयुक्त मोजणी मागा आणि मोजणीच्या नकाशाची अधिकृत 'क' प्रत हातात घ्या. पुष्कळ ठिकाणी हद्दीच्या खुणा म्हणून रुळाचे तुकडे उभे पुरलेले असतात. भंगारवाले ते आधी उपटतात, आणि मग शेजारचा गडगा दरसाल हातभर पुढे सरकतो. उपटलेल्या खुणेच्या जागी जांभ्याचा चिरा पुरून त्यावर क्रमांक घाला.

शहरात हा पट्टा विकास आराखड्यात दाखवला पाहिजे. आराखडा मंजूर झालेला असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करता येतो. सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, मग प्रस्ताव शासनाकडे जातो. गावात प्रादेशिक योजना लागू असेल तर तोच मार्ग कलम २० मधून. खासगी जागेवर आरक्षण टाकून गप्प बसू नका. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि मुदत संपली की आरक्षण उडतं.

हे सगळं कागदावरचं. पण कोकणात मार्ग खरा मरतो तो पावसात, मोरीच्या तोंडाशी.

एखादी मोरी डोळ्यांसमोर आणा. दगडी कमानीची, मीटरभर रुंद. वरच्या अंगाला वहाळ, खालच्या अंगाला भातखाचरं. गाडी चालू होती तेव्हा पावसाआधी गँगमन येऊन ती साफ करायचे. लाइन बंद झाली की गँगही गेली, आणि ते काम कोणाच्याच यादीत राहिलं नाही. पहिल्या पावसात एक झावळी मोरीच्या तोंडाशी आडवी अडकते. तिला पालापाचोळा आणि पिशव्या अडकतात, त्यावर गाळ बसतो. दुसऱ्या वर्षी मोरी अर्धी भरते. आषाढात रात्रभर पाऊस कोसळला की भरावाचं धरण होतं, वरच्या खाचरांत पाणी तुंबतं आणि नुकती लावलेली रोपं कुजतात. मग शेतकरी जेसीबी बोलावून भराव फोडतो. त्याला दोष देता येणार नाही, त्याचं वर्षाचं भात जात असतं. पण त्या एका दुपारी सबंध मार्ग तुटलेला असतो.

मोरी साफ करताना खालच्या तोंडाकडून सुरुवात करा, म्हणजे सुटलेल्या पाण्याला आणि गाळाला बाहेर जायला जागा मिळते. माणसाला आत घालू नका. लांब बांबूनं किंवा पाण्याच्या जोरानं गाळ काढा. खालच्या तोंडाशी पाण्याच्या धारेनं खड्डा पडला असेल तर मोठे दगड बसवून तो भरा, नाहीतर पायाच उघडा पडतो. दगडांच्या सांध्यांतून पिंपळ उगवलेला असतो. मनगटाएवढं मूळ ओढून काढू गेलात तर दोन दगड घेऊन बाहेर येतं. ते दगडाच्या सपाटीला कापा, आत उरलेलं मूळ मारून टाका, आणि मग सांधे भरा.

खाडीजवळचा भराव तर कधीच फोडू नका. कित्येक ठिकाणी तोच खारबंधाऱ्याचं काम करतो, आणि उधाणाचं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं पीक धड येत नाही. तिथे वाट रुंदही करू नका, भरावाच्या माथ्यावरच ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कांदळवन तोडायचं तर सार्वजनिक कामालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

आता वाटेचा पृष्ठभाग. ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गाखाली किलोमीटरला साधारण दीड ते दोन हजार घनमीटर खडी असते. ठेकेदार ती उचलायला टपलेला असतो, पण ती देऊ नका. तिच्यावरून सायकल चालत नाही हे खरं, पण पाणी निचरायला तिच्यासारखा थर नाही. ती पसरून रोलर फिरवा, वर १०० ते १५० मिलिमीटर मुरूम दाबा, रुंदी ३ मीटर, आणि मधून दोन्ही कडांना ४० ला १ असा उतार द्या. मुरूम म्हणून लाल माती येते, तेव्हा ट्रक रिकामा करण्याआधी मूठभर भिजवून दाबून पाहा. गोळा होऊन हाताला चिकटला तर ती माती, पहिल्याच सरीत तिचा चिखल होईल.

गर्डर जागेवर राहिला तर इंजिनासाठी बांधलेल्या त्या पुलाला माणसांचं ओझं जड नाही. पादचारी पुलाला चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो भार धरतात. धोका खाऱ्या हवेचा. गर्डरच्या खालच्या पात्यावर आणि तो खांबावर टेकतो तिथे, बेअरिंगजवळ, माती नि पक्ष्यांची घाण साचते, तिथे ओल टिकते आणि लोखंड तिथेच खाल्लं जातं. रिव्हेटवर हातोडी मारली की घट्ट असेल तर खणखणीत आवाज येतो, सैल असेल तर बद्द. ही प्राथमिक परीक्षा झाली. लोकांना सोडण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा लेखी दाखला घ्याच. जुने लाकडी स्लीपर गावात वाटू नका. त्यांत क्रिओसोट नावाचं डांबरी तेल मुरलेलं असतं; चुलीत किंवा बंबात जाळले तर तो धूर घरातल्यांच्या छातीत जातो.

वाटेच्या दोन्ही तोंडांना दीड-दीड मीटरवर खांब रोवा, मधला कुलपाचा ठेवा, म्हणजे रुग्णवाहिका जाईल आणि चिऱ्याचा ट्रक जाणार नाही. पाण्याची पाइपलाइन किंवा केबल न्यायची झाली तर तिला एकच बाजू ठरवून द्या.

१ मे च्या ग्रामसभेला महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच मृग लागतो. मार्ग तुमच्या हद्दीत असेल तर त्या सभेत मोऱ्यांची यादी वाचायला सांगा. कोणती मोरी कोणत्या वाडीकडे, ती कोण साफ करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच लिहून घ्या. रेल्वेची परवानगी पत्रानं आधी मागून ठेवा, कारण जागा अजून त्यांची आहे.

नमस्कार.